पाटी वाईनची, द्राक्षाचा हिशेब कोण देणार?

पिंपरीपासून निगडीपर्यंतच्या जुन्या मुंबई रस्त्याने, किंवा भोसरीहून मोशीमार्गे चाकणकडे जाणाऱ्या नाशिक रस्त्याने सायंकाळच्या वेळी जो कोणी गेला असेल, त्याच्या दृष्टीस ‘वाईन्स’ ही ठळक अक्षरे पडली नाहीत असे होणे नाही. पाटीखाली लोखंडी जाळी, जाळीपुढे पहिली पाळी संपवून आलेल्या कामगारांची रांग, बाजूला चणे-फुटाण्यांची हातगाडी आणि ही गर्दी चुकविण्यासाठी पदर सावरून रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या स्त्रिया, हे चित्र या पट्ट्यातील रहिवाशांच्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही विसंगती आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. जाळीमागच्या फळ्या पाहाव्यात. तेथे व्हिस्की, रम, ब्रँडी आणि व्होडका यांच्या बाटल्या दाटीवाटीने उभ्या असतात. जिच्या नावाने दुकान चालते ती वाईन बहुधा सर्वांत वरच्या फळीवर धूळ खात असते, आणि ती लाल आहे की पांढरी यापलीकडे तिच्याविषयी विक्रेत्यालाही काही सांगता येत नाही. ती कोणत्या गावच्या द्राक्षाची, कोणत्या साली काढलेली, हे विचारणारे गिऱ्हाईकही तेथे येत नाही.

हा केवळ शब्दांचा घोळ असता तर त्यावर वृत्तपत्राची जागा खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु गेली चार-पाच वर्षे महाराष्ट्रात वाईनविषयी जो वाद अधूनमधून उसळतो, त्यातील निम्मा गोंधळ या पाटीतूनच निर्माण झालेला आहे. उरलेला निम्मा गोंधळ अधिक गंभीर आहे. वाईनचे समर्थक शेतकऱ्याचे नाव पुढे करतात आणि विरोधक संस्कृतीचे. पण ज्या शेतकऱ्याच्या नावाने हे सारे बोलले जाते, त्याच्या द्राक्षाचे पैसे वेळेवर मिळतात की नाही, हा साधा प्रश्न दोन्ही बाजूंपैकी कोणीही विचारीत नाही.

कायदा काय मानतो?

मुंबई राज्याच्या काळातील १९४९ चा दारूबंदी कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे. मद्यपान ही या कायद्याच्या दृष्टीने परवान्याने दिलेली सवलत आहे. ‘परमिट रूम’ हा शब्द आपल्या रस्त्यांवर आला तो त्यामुळेच. मात्र हाच कायदा सर्व मद्ये एका मापाने मोजीत नाही. बिअर आणि वाईन यांसाठी वयाची अट २१ वर्षांची, तर त्याहून कडक मद्यांसाठी २५ वर्षांची आहे. याचे कारण उघड आहे. वाईनमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारणतः ११ ते १४ टक्के असते, तर व्हिस्की-रममध्ये ते ४२.८ टक्के असते. शासनाची तिजोरीही हा भेद पाळते. जून २०२५ मध्ये राज्य शासनाने विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्कात मोठी वाढ केली, तेव्हा बिअर आणि वाईन यांना त्यातून वगळले.

म्हणजे कायद्याला भेद कळतो, तिजोरीला कळतो. तो रस्त्यावरच्या पाटीला मात्र कळत नाही. ‘वाईन शॉप’ या सोज्ज्वळ नावाखाली कडक मद्याचा व्यापार चालतो आणि त्या व्यापाराची सारी दुष्कीर्ती वाईनच्या माथी बसते. उलटपक्षी, वाईनविषयी एखादी सवलत मागितली जाते तेव्हा तिच्या आडून दुसरेच काही आत येईल ही सामान्य माणसाची शंकाही या पाटीमुळेच निराधार ठरत नाही.

वस्तुतः आंबवण्याचे शास्त्र या पट्ट्याला मुळीच परके नाही. पिंपरीला औद्योगिक नकाशावर प्रथम स्थान मिळाले ते १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समुळे, आणि पेनिसिलीन हे बुरशीच्या किण्वनातूनच तयार होते. आपल्या घरांतही वैद्याने दिलेली द्राक्षासवाची बाटली कित्येक पिढ्या फडताळात राहिली आहे. प्रश्न किण्वनाचा नाही. ते कोणासाठी, कोणाच्या भांडवलावर आणि कोणाच्या जोखमीवर चालते, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

नारायणगावचा धडा

चाकणहून नाशिक रस्त्याने राजगुरुनगर आणि मंचर ओलांडून सुमारे ४५ किलोमीटर गेले की नारायणगाव येते. तमाशाच्या फडांसाठी आणि टोमॅटोच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावी १९८० च्या दशकात भारतीय वाईन उद्योगातील एक मोठे धाडस घडले. उद्योजक शामराव चौगुले यांनी फ्रान्समधील पायपर-हायडसिक या नामवंत शॅम्पेन उत्पादकांचे तांत्रिक साहाय्य घेऊन येथे फेसाळ वाईन तयार करण्याचा कारखाना उभारला. ‘ओमर खय्याम’ या नावाने ही वाईन परदेशी बाजारात गेली आणि जुन्नर तालुक्यातील द्राक्षांपासून केलेले पेय युरोपात विकले जाते याचे कौतुक देशभर झाले. पुढे ‘रिव्हिएरा’सारख्या साध्या वाईनही येथून निघू लागल्या. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी खाण्याच्या द्राक्षांऐवजी वाईनच्या जातींची लागवड केली.

हे यश दोन तपे टिकले. नंतर कंपनीने परदेशांतील व्यवसाय विकत घेण्याचा सपाटा लावला, कर्जाचा डोंगर वाढला, आणि २००८ च्या जागतिक मंदीत तो कोसळला. शॅम्पेन इंडेज हे नाव टाकून इंडेज व्हिंटनर्स झालेली ही कंपनी अखेर न्यायालयाच्या आदेशाने अवसायनात निघाली. कामगारांची देणी थकली, शेतकऱ्यांच्या द्राक्षांचे पैसे अडकले. ज्या कारखान्याकडे बोट दाखवून तालुक्याने अभिमान बाळगला, त्याच्यासाठी लावलेल्या वेली उपटण्याची पाळी शेतकऱ्यांवर आली.

या घटनेचे मर्म समजण्यासाठी द्राक्षशेतीतील एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. थॉमसनसारख्या बिनबियांच्या, खाण्याच्या द्राक्षाला अनेक वाटा असतात. निर्यातदाराने नाकारले तर मुंबईचा व्यापारी आहे, त्यानेही भाव पाडला तर बेदाण्याची शेड आहे. वाईनच्या द्राक्षाला अशी दुसरी वाट नसते. कॅबर्ने सोव्हिन्याँ किंवा शिराझ यांचे मणी लहान, साल जाड, आत बिया. बाजारात ती कोणी विकत घेत नाही. वेल लावल्यापासून उत्पन्न सुरू होईपर्यंत दोन-तीन वर्षे जातात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, केवडा आणि भुरी यांच्यावरील फवारण्या, मांडव आणि ठिबक यांचा खर्च हे सारे शेतकरी आधी करतो, आणि जानेवारी ते मार्चच्या हंगामात त्याच्या मालाचा एकच ग्राहक दारात असतो. तो ग्राहक बुडाला की शेतकरी बुडतो. औद्योगिक पट्ट्यात एका मोठ्या कारखान्यासाठी सुटे भाग करणाऱ्या लघुउद्योजकाची जी स्थिती, तीच या बागायतदाराची. फरक इतकाच की लघुउद्योजकाला यंत्र दुसऱ्या कामाला लावता येते. वेलीला ते जमत नाही.

नाशिकचे यश आणि त्याची दुसरी बाजू

नारायणगावच्या अनुभवावरून वाईन उद्योगच निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले, विंचूर आणि पलूस येथे वाईन पार्क आखले आणि उत्पादन शुल्कात सूट दिली. नाशिक परिसरात राजीव सामंत यांनी सुरू केलेल्या ‘सुला’ची पहिली वाईन २००० मध्ये बाजारात आली होती, २००५ पासून तेथे द्राक्षमळ्यातच वाईनची चव घेण्याची सोय झाली आणि २०२२ च्या अखेरीस कंपनीचे समभाग शेअर बाजारात आले. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ मोहिते-पाटील कुटुंबाने इटालियन भागीदारांसह ‘फ्रातेल्ली’ उभी केली. पुणे जिल्ह्यातही दौंड तालुक्यातील रोटी येथे ‘फोर सीझन्स’चा कारखाना झाला. देशातील वाईन उत्पादनात महाराष्ट्र आज अग्रेसर आहे, आणि ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

पण या यशाच्या मध्यावर एक काळा कालखंड आहे आणि त्याची चर्चा क्वचितच होते. मंदी आणि नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ला यांमुळे हॉटेल व पर्यटन व्यवसाय थंडावला, टाक्यांत वाईन पडून राहिली, आणि २००९-१० च्या सुमारास नाशिक जिल्ह्यातील अनेक शेतकऱ्यांनी वाईनच्या द्राक्षबागा काढून टाकल्या. जी कंपनी तगली तिच्या शेतकऱ्यांचे बरे झाले, जी बुडाली तिच्या शेतकऱ्यांचे हाल झाले. म्हणजे शेतकऱ्याचे भवितव्य त्याच्या कष्टावर किंवा पिकाच्या प्रतीवर अवलंबून राहिले नाही. ते कंपनीच्या संचालकांच्या शहाणपणावर अवलंबून राहिले. धोरणाने कारखान्याला आधार दिला, पण बांधावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत तो आधार पोहोचेल अशी कोणतीही तजवीज केली नाही.

आता शेजारच्याच पिकाकडे पाहावे. उसाच्या बाबतीत १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. विलंब झाला तर व्याज द्यावे लागते, आणि कारखाना टाळाटाळ करू लागला तर पुण्याच्या साखर आयुक्तालयातून जप्तीची कारवाई निघू शकते. ही व्यवस्था निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. थकबाकीच्या बातम्या दर हंगामात येतातच. तरीही शेतकऱ्याच्या हाती कायद्याचा एक कागद असतो. वाईनच्या द्राक्षाला असे वैधानिक संरक्षण नाही. कंपनीशी केलेला करार हाच त्याचा कायदा, आणि कंपनी अवसायनात निघाली की बँकांच्या मागे रांगेत उभे राहणे हेच त्याचे नशीब.

२०२२ च्या वादात काय राहून गेले

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक निर्णय घेतला. किमान १०० चौरस मीटर म्हणजे सुमारे एक हजार चौरस फूट क्षेत्राच्या सुपर मार्केटमध्ये आणि तत्सम दुकानांत कुलपबंद कपाटातून वाईन विकण्यास परवानगी द्यायची, शाळा आणि प्रार्थनास्थळे यांच्याजवळ ती द्यायची नाही, दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांत द्यायची नाही, असे त्याचे स्वरूप होते. लगेच वादळ उठले. वाईन म्हणजे दारू नव्हे, असे सत्ताधारी पक्षाच्या बाजूने सांगितले गेले. महाराष्ट्राचे मद्यराष्ट्र होईल, असे विरोधकांनी म्हटले. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि राळेगणसिद्धीच्या ग्रामसभेनंतर ते स्थगित केले. पुढे सरकार बदलले आणि तो निर्णय अमलात आला नाही.

या वादात दोन्ही बाजूंनी अर्धसत्यांचाच आश्रय घेतला. वाईन म्हणजे दारू नव्हे हे विधान रसायनशास्त्राला धरून नाही. तिच्यात मद्यार्क असतो, तो कमी असला तरी मद्यार्कच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्यपेयांना कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले, आणि त्याच संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही असे स्पष्ट केले. रोज एक पेला हृदयाला हितकर, या पूर्वी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीवर आता शासनाने तरी धोरण आखू नये. दुसरीकडे, मद्यराष्ट्राची भीती घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी आपापल्या मतदारसंघांतील व्हिस्की-रमच्या दुकानांविरुद्ध तितक्याच आवेशाने आवाज उठविला. जाळीआडच्या ४२.८ टक्क्यांवर मौन आणि कपाटातील १२ टक्क्यांवर गदारोळ, हा न्याय चमत्कारिक होता.

आणि या सगळ्यात शेतकरी कोठे होता? तो भाषणांत होता. दुकानांची संख्या वाढली की वाईनचा खप वाढेल, खप वाढला की द्राक्षाला मागणी येईल, मागणी आली की भाव मिळेल, अशी ही पायऱ्यांची मांडणी होती. यातील शेवटची पायरी आपोआप येत नाही हे नारायणगावाने दाखवून दिले आहे. तेथे खप होता, कीर्ती होती, निर्यात होती. नव्हती ती देण्याची हमी.

प्लोव्हदिवचे दुकान

या संदर्भात युरोपच्या बाल्कन भागातील एका शहराचे उदाहरण उद्बोधक ठरेल. पॅरिसची नव्हे तर प्लोव्हदिवची तुलना येथे करण्याचे कारण असे की बल्गेरियातील हे दुसऱ्या क्रमांकाचे शहर आपल्या पट्ट्यासारखेच कारखान्यांच्या वेढ्यात आहे. तंबाखूच्या गोदामांचे जुने शहर, भोवती नवी औद्योगिक वसाहत, आणि तिच्यापलीकडे थ्रेसच्या मैदानातील द्राक्षमळे, अशी त्याची रचना आहे. कपाना नावाच्या जुन्या कारागिरांच्या वस्तीत आज लहान लहान वाईन बार आणि दुकाने आहेत. तेथे ‘माव्रूद’ नावाच्या स्थानिक द्राक्षाची वाईन मागितली की ती असेनोव्ग्रादच्या बाजूची की आणखी कोठली, हा प्रश्न आधी येतो. फेब्रुवारीत संत त्रिफोनच्या दिवशी वेलीची पहिली छाटणी विधिपूर्वक होते, आणि छाटलेल्या वेलीवर वाईन शिंपडली जाते. नोव्हेंबरअखेरीस जुन्या शहरात नव्या वाईनचा उत्सव भरतो. शहरातला कारकूनही वर्षातून दोनदा द्राक्षमळ्याची आठवण काढतो. बाटलीचा आणि बांधाचा संबंध तेथे तुटलेला नाही.

अर्थात प्लोव्हदिव हा स्वर्ग आहे असे समजण्याचे कारण नाही. घरोघरी गाळली जाणारी कडक राकिया तेथेही आहे, व्यसनाचे दुःख तेथेही आहे. शिवाय त्यांच्या इतिहासात आपल्या नारायणगावासारखाच एक धडा आहे, तोही कितीतरी मोठ्या प्रमाणावर. साम्यवादी राजवटीत सारा वाईन उद्योग ‘विनप्रोम’ या सरकारी संस्थेच्या हाती होता आणि त्याचा प्रमुख ग्राहक होता सोव्हिएत रशिया. १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी मद्यविरोधी मोहीम उघडली, मागणी घसरली आणि बल्गेरियातील कित्येक द्राक्षमळे उजाड झाले. एकाच ग्राहकावर विसंबणाऱ्या शेतीचे काय होते, ते तेथील शेतकऱ्याने सरकारी अर्थव्यवस्थेत पाहिले आणि आपल्या शेतकऱ्याने खासगी अर्थव्यवस्थेत. त्यानंतर उभी राहिलेली तेथील लहान वाईनरी आणि लहान दुकाने हे त्या अनुभवातून आलेले शहाणपण आहे: अनेक उत्पादक, अनेक ग्राहक, आणि प्रत्येक बाटलीवर गावाचे नाव.

आपल्याला काय करता येईल?

पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्या संदर्भात चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. त्यांपैकी पहिली फुकटची आहे. ज्या दुकानात मुख्यतः विदेशी मद्य विकले जाते, त्याच्या पाटीवर तेच लिहिले जावे. ‘वाईन’ हा शब्द फक्त फळांपासून आंबवलेल्या वाईनचीच विक्री करणाऱ्या दुकानापुरता राखून ठेवावा. वजन-मापे आणि वेष्टनावरील मजकूर यांविषयी आपण कडक नियम करतो. मग दुकानाच्या पाटीने खोटे बोलावे हे का चालवून घ्यावे?

दुसरी सूचना विक्रीच्या जागेविषयी आहे. वाईन किराणा दुकानात नेण्याची आवश्यकता नाही. जेथे मुले वह्या आणि बिस्किटे घ्यायला येतात तेथे ती नसावी, ही आयांची भावना योग्यच आहे, आणि तिला मागासलेपणा म्हणणे उद्धटपणाचे आहे. वाईनरीत चव घेण्याची आणि विक्रीची सोय असणे ही पद्धत नाशिकमध्ये रुजली आहे. २०१८ मध्ये पर्यटन तालुका म्हणून घोषित झालेल्या जुन्नरमध्येही ती रुजू शकेल. मात्र शिवनेरी, ओझर आणि लेण्याद्री यांच्या वाटा यात्रेकरूंच्या आहेत हे भान ठेवावे लागेल. ज्याला वाईनमध्ये खरोखर रस आहे तो ४५ किलोमीटर जाईल, वेल पाहील, शेतकऱ्याशी बोलेल. ज्याला केवळ नशा हवी आहे तो इतका प्रवास करणार नाही. हा फरक कोणत्याही वयाच्या अटीपेक्षा अधिक परिणामकारक ठरेल.

तिसरी गोष्ट स्थानिक संमतीची. चिंचवड-काळेवाडी परिसरातील मद्यविक्रीच्या दुकानांविषयीचा प्रश्न मार्च २०२५ मध्ये विधानसभेत गाजला, आणि गृहनिर्माण संस्थेच्या आवारात नव्या दुकानासाठी त्या संस्थेचे ना-हरकत पत्र अनिवार्य राहील असे शासनाने जाहीर केले. आडव्या बाटलीला मत देऊन दुकान बंद करण्याचा स्त्रियांचा अधिकारही राज्यात मान्य झालेला आहे. परंतु गृहनिर्माण संस्था ही शहरातील स्थिरस्थावर माणसाची सोय आहे. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांत मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार आणि ओडिशातून आलेले हजारो तरुण कंत्राटी कामगार भाड्याच्या खोल्यांत दाटीने राहतात. त्यांना ना संस्था, ना तेथील मतदारयादीत नाव. पगाराच्या दिवशी जाळीपुढची रांग सर्वाधिक लांबते ती त्यांचीच. त्यांच्या वस्तीत नवे दुकान काढताना कोणाची संमती घ्यायची, याचे उत्तर शासनाने दिले पाहिजे. वाचनालय, मैदान किंवा साधा गप्पांचा कट्टा यांपैकी काहीही न देता केवळ दुकान देणारी औद्योगिक वसाहत ही अपुरी वसाहत आहे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वाईनवरील २० टक्के मूल्यवर्धित करापैकी १६ टक्के रक्कम वाईनरींना परत करण्याची प्रोत्साहन योजना राज्याने २००९ मध्ये आणली. मध्यंतरी खंडित झालेली ही योजना २०२४ मध्ये पुन्हा सुरू करण्याचा निर्णय झाला. हा पैसा जनतेचा आहे आणि तो शेतकऱ्याच्या हितासाठी म्हणून दिला जातो. तर मग अट अगदी सोपी असावी: ज्या हंगामाच्या वाईनवर परतावा मागितला जातो, त्या हंगामातील द्राक्षांचे सर्व पैसे शेतकऱ्यांच्या खात्यांत जमा झाल्याचा दाखला जोडल्याशिवाय एक रुपयाही परत मिळू नये. त्याच्या जोडीला ऊस नियंत्रण आदेशाच्या धर्तीवर मुदत, व्याज आणि वसुली यांची तरतूद व्हावी. प्रामाणिक वाईनरींना याचा जाच होणार नाही, कारण त्या पैसे देतातच. जाच झालाच तर तो दुसऱ्याच्या वेलीवर आपला विस्तार करू पाहणाऱ्यांना होईल.

आक्षेप आणि उत्तर

यावर असे विचारले जाईल की मद्याचा उद्योग मुळात वाढूच का द्यावा? हा प्रश्न पुण्याला नवा नाही. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये महात्मा फुले यांनी शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठविला होता. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधने झाली. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने सुधाकराचा ऱ्हास आणि सिंधूचा भोग घरोघरी पोहोचविला. ही परंपरा टाकाऊ नाही. पहिल्या पेल्याचे समर्थन करणाऱ्याने सिंधूच्या डोळ्याला डोळा देऊन बोलावे, हा तिचा आग्रह आजही योग्य आहे. शिवाय फुल्यांनी एकीकडे दारूच्या दुकानांना विरोध केला आणि दुसरीकडे शेतकऱ्याच्या नाडवणुकीवर आसूड ओढला; त्यांच्या लेखी हे दोन वेगळे विषय नव्हते. शहरातील श्रमिकाचे घर आणि खेड्यातील शेतकऱ्याचा बांध यांचा विचार एकत्र करण्याची ती दृष्टी आजच्या वादात हरवली आहे.

संपूर्ण बंदीचा मार्गही आपण पाहिला आहे. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीसारख्या ठिकाणी तिच्यामागे लोकांची दीर्घ चळवळ होती. अशी चळवळ नसताना देशभरातून आलेल्या लोकवस्तीच्या औद्योगिक शहरावर बंदी लादली, तर तिचा लाभ प्रथम चोरट्या व्यापाऱ्याला होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. म्हणून मार्ग मधला आहे: विक्रीवर स्थानिक लोकांचे नियंत्रण, पाटीवर सत्य, आणि उत्पादनात शेतकऱ्याला हमी. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी शहराच्या हिताच्या आहेत, तिसरी खेड्याच्या.

वाईन प्यावी की पिऊ नये, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा, प्रकृतीचा आणि घरातील माणसांचा प्रश्न आहे. वृत्तपत्राने त्यात प्रचारक होऊ नये. पण वाईनच्या नावाने सार्वजनिक पैसा दिला जात असेल आणि शेतकऱ्याच्या नावाने सवलती मागितल्या जात असतील, तर त्या व्यवहाराचा हिशेब विचारणे हे न पिणाऱ्याचेही कर्तव्य आहे. यापुढे विधिमंडळात किंवा व्यासपीठावर कोणी वाईनच्या बाजूने शेतकऱ्याचा कैवार घेतला, तर त्याला एकच प्रश्न विचारावा: गेल्या हंगामाच्या द्राक्षाचे पैसे कोणत्या तारखेला दिले? तारीख सांगता आली तर पुढची चर्चा अवश्य करावी. ती सांगता आली नाही, तर दुकान किराण्याचे असो की जाळीचे, त्याचा विचार करण्याची वेळ अजून आलेली नाही असे समजावे.